प्रश्न वाचकांचे : उत्स्फूर्त नाट्य आणि संशोधकांचा संवाद

गेल्या अंकातील माझ्या टिपणात, हाती संहिता न घेता समोरच्याकडे पाहून त्याच क्षणी पुढचे वाक्य किंवा हालचाल रचण्याची नाट्यपद्धती आता काही विद्यापीठांत संशोधकांना शिकवली जाते, अशी माहिती दिली होती. आपले संशोधन सामान्य माणसाला समजेल असे सांगता यावे, हा त्यामागचा हेतू आहे. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करते आहे. माझ्या मार्गदर्शकांनी माझे नाव अशा एका कार्यशाळेसाठी मला न विचारता देऊन टाकले. मला अभिनय येत नाही आणि शिकायचाही नाही. गंभीर संशोधन हातवारे करून सांगितले तर त्याचे हसे होणार नाही का? आणि तिथे नेमके करतात तरी काय?

उत्तर : आपल्याला अभिनय यावा अशी तिथे कोणाचीही अपेक्षा नसते. किंबहुना अभिनय करू पाहणारा संशोधक हा अशा कार्यशाळेतला सर्वांत अवघड विद्यार्थी असतो, कारण त्याचे सगळे लक्ष स्वतःच्या आविर्भावाकडे असते आणि ते तिथून काढून समोरच्या माणसाकडे वळवणे हेच तर तिथले काम आहे.

बहुतेक ठिकाणी सुरुवात आरशाच्या खेळाने होते. दोन माणसे समोरासमोर उभी राहतात. एकाने सावकाश हालचाल करायची आणि दुसऱ्याने त्याचे प्रतिबिंब व्हायचे. पहिल्याच मिनिटात असे दिसते की पुढाकार घेणारा हळूहळू वेग वाढवतो, हात अचानक वळवतो, आणि जोडीदार मागे पडला की त्याला गंमत वाटते. तेव्हा शिक्षक खेळ थांबवून सांगतात की प्रतिबिंब मागे पडले असेल तर चूक पुढे धावणाऱ्याची आहे. जोडीदाराला आपल्याबरोबर ठेवण्याची जबाबदारी त्याची होती. मग भूमिका बदलतात आणि शेवटी पुढाकार कोणाकडेच राहत नाही. दोघेही एकमेकांकडे पाहून हलत राहतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला कोण कोणाच्या मागून जात आहे ते ओळखता येत नाही. पुढच्या फेरीत हाच खेळ बोलण्यातून खेळतात : एक जण बोलतो आणि दुसऱ्याने तेच शब्द त्याच क्षणी उच्चारायचे. बोलणाऱ्याला वेग आवरावाच लागतो, वाक्ये सुटी करावी लागतात आणि नजर समोरच्याच्या ओठांवर ठेवावी लागते. व्याख्यानात याहून वेगळे काय करायचे असते?

या खेळांचा उगम विज्ञानाशी संबंधित नाही. शिकागोच्या व्हायोला स्पोलिन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्थलांतरितांच्या वस्त्यांतील मुलांबरोबर काम करताना असे खेळ रचले. वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या मुलांना भाषणबाजीने नव्हे, तर खेळातून एकत्र आणता येते हे त्यांना समाजसेविका नीव्हा बॉइड यांच्याकडून उमगले होते. स्पोलिन यांचे खेळांवरचे पुस्तक १९६३ साली आले आणि आज जगभर शिकवले जाणारे बरेचसे प्रकार त्या परंपरेतले आहेत. ते वैज्ञानिकांपर्यंत नेण्याचे श्रेय मुख्यतः अमेरिकी अभिनेते ॲलन आल्डा यांना जाते. १९९३पासून २००५पर्यंत त्यांनी दूरचित्रवाणीवरच्या एका विज्ञानमालिकेत शेकडो संशोधकांच्या मुलाखती घेतल्या. समोरासमोर गप्पा मारताना जिवंत, खेळकर बोलणारी माणसे कॅमेऱ्याकडे वळली की एकदम वर्गात शिकवावे तशी बोलू लागतात, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे त्यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आधी आपले काम सांगायला लावले, मग काही तास हे खेळ घेतले आणि पुन्हा तेच काम सांगायला लावले. त्यात पडलेला फरक त्यांना इतका जाणवला की २००९ साली न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक विद्यापीठात विज्ञानसंवादाचे एक केंद्र त्यांच्या प्रेरणेने उभे राहिले. पुढे त्या केंद्राला त्यांचेच नाव देण्यात आले.

गांभीर्य कमी होण्याची आपली भीती मला समजते, म्हणून आपल्याच शाखेतले एक उदाहरण देतो. एका कार्यशाळेत एक संशोधिका एका अनोळखी श्रोत्यासमोर उभी होती. श्रोत्याला सूचना होती की धागा सुटला की हात वर करायचा आणि पुन्हा सापडला की खाली घ्यायचा. भीड बाळगायची नाही. तिने सुरुवात केली : "स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूतल्या कोरम सेन्सिंगच्या नियमनावर माझं काम आहे." वाक्य पुरे होण्याआधीच हात वर गेला. तिने कोरम सेन्सिंगची व्याख्या दिली. हात तसाच राहिला. तिने व्याख्येतल्या संज्ञांच्या व्याख्या दिल्या. हात तसाच. मग ती थांबली आणि बहुधा पहिल्यांदाच तिने त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिले. "रुग्णाला लघवीसाठी नळी घालतात, ती पाहिली आहे का तुम्ही?" हात खाली आला. "त्या नळीला आतून जिवाणू चिकटतात. थोडे असतात तोवर फारसं काही घडत नाही. पुरेसे जमले की सगळे मिळून स्वतःभोवती एक चिकट थर तयार करतात, आणि मग त्या थरातल्या जिवाणूंवर प्रतिजैविकं नीट चालत नाहीत." श्रोत्याने हात वर केला नाही, उलट प्रश्न विचारला : "पण आपण पुरेसे जमलोय हे त्यांना कळतं कसं?" ती हसली आणि म्हणाली, "तेच तर मी शोधते आहे." मग प्रत्येक जिवाणू एक छोटा रेणू बाहेर सोडतो, गर्दी वाढली की त्या रेणूचे प्रमाण वाढते आणि ते एका मर्यादेपलीकडे गेले की ठरावीक जनुके कामाला लागतात, हे सगळे तिने सांगितले आणि त्याने ऐकले. यात चुकीचे विधान एकही नव्हते, हातवारेही नव्हते. व्याख्यानात ती ज्या प्रश्नापाशी उशिरा पोहोचली असती, तो श्रोत्यानेच आधी विचारला, एवढेच झाले.

आणि थोडे फॅरडे यांच्याविषयी. मायकेल फॅरडे यांच्यासारख्या थोर प्रयोगकर्त्याने वक्तृत्वाचे धडे घेतले होते. व्याख्यान देताना आपला वेग वाढू लागला तर 'सावकाश' असे लिहिलेले कार्ड समोर ठेवावे, अशी सूचना त्यांनी आपल्या साहाय्यकाला दिलेली असे. त्यामुळे त्यांच्या विज्ञानाला कमीपणा आल्याचे कोणी म्हटलेले नाही.

प्रश्न : या पद्धतीचा मूलमंत्र 'हो, आणि...' असा आहे, असे आपण लिहिले होते. समोरच्याचे म्हणणे स्वीकारायचे आणि त्यात भर घालायची. मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवले. आमच्याकडे पहिला शब्द 'नाही, कशावरून?' हा असतो. चुकीच्या समजुतीला 'हो' म्हणणे हा विज्ञानद्रोह नव्हे काय?

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे आणि या पद्धतीचे उत्साही प्रचारक तो पुरेसा मनावर घेत नाहीत. रंगमंचावर एकाने "डॉक्टर, माझा हात निळा पडलाय" म्हटले आणि दुसऱ्याने "मी डॉक्टर नाही आणि तुमचा हात निळा नाही" म्हटले, तर प्रवेश तिथेच संपतो. म्हणून नट समोरून आलेली गोष्ट स्वीकारतो. पण ती स्वीकारणे म्हणजे ती खरी असल्याचा निर्वाळा देणे नव्हे. राग गाताना उपज घेणारा गायक जसा रागाची चौकट सोडत नाही, तसेच उत्स्फूर्तपणे बोलणाऱ्या वैज्ञानिकाने पुराव्याची चौकट सोडायची नसते.

व्यवहारात हे कसे दिसते ते पाहू. श्रोत्यांपैकी कोणीतरी उठून म्हणते : "लस टोचल्यावर माझ्या मुलाला ताप आला. म्हणजे लसच आजार देते." या वाक्यात दोन गोष्टी आहेत. ताप आला हे त्या आईने पाहिलेले सत्य आहे आणि लसच आजार देते हा तिने त्यावरून काढलेला निष्कर्ष आहे. घाईने 'नाही' म्हणणारा तज्ज्ञ या दोन्ही गोष्टी एकदम नाकारतो, आणि जे तिने स्वतः रात्रभर उशाशी बसून पाहिले तेच नाकारले गेल्यामुळे ती पुढचे काही ऐकत नाही. 'हो, आणि' शिकलेला तज्ज्ञ म्हणतो : "हो, काही मुलांना लशीनंतर ताप येतो, आणि तो का येतो हे कळलं तर त्याची भीती कमी होते. लशीमुळे शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा जागी होते, आणि तापात आपल्याला दिसते ती तिचीच धावपळ असते. ताप फार वाढला किंवा उतरलाच नाही तर मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवं." निष्कर्षाला त्याने मान्यता दिलेली नाही; निरीक्षणाला दिली आहे. हा भेद बोलता बोलता, क्षणार्धात करता येणे हे कौशल्य आहे आणि ते सरावानेच येते.

काही प्रसंगी मात्र सरळ 'नाही' म्हणावे. "म्हणजे तुमच्या औषधाने कर्करोग बरा होणार, असं लिहू का?" असे वार्ताहराने विचारले आणि आपले प्रयोग अजून उंदरांवरच चालू असतील, तर "हो, आणि" म्हणून गोड भर घालत बसणे धोक्याचे आहे. तिथे एकच वाक्य पुरते : "नाही, माणसांवर अजून काहीही तपासलेलं नाही." कार्यशाळेत हे वेगळे शिकवले जात नसेल, तर आपण स्वतः उठून विचारावे, असे मी आपल्याला आग्रहाने सुचवेन.

प्रश्न : मी बोलताना अडखळतो. त्यातच आमचे विभागप्रमुखही त्याच गटात असणार आहेत. मी जाऊ की नको?

उत्तर : अडखळण्यावर हे खेळ उपचार नाहीत आणि कोणी तसा दावा करत असेल तर त्यापासून दूर राहावे. आधीच शिक्षकांशी बोलून ठेवा. कोणत्याही खेळातून बाहेर बसण्याचा हक्क प्रत्येकाला असतो आणि चांगला शिक्षक तो पहिल्याच दिवशी जाहीर करतो. बोलणे कमी लागणारे खेळही पुष्कळ आहेत. आरशाचा खेळ तर निःशब्दच सुरू होतो.

विभागप्रमुखांचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कीथ जॉनस्टन या नाट्यशिक्षकांनी, प्रथम लंडनमध्ये आणि पुढे कॅनडातील कॅल्गरी येथे काम करताना, माणसे आपला वरचढपणा किंवा दुय्यमपणा शरीरातून आणि बोलण्याच्या लकबींतून सतत कसा दाखवत असतात याचे खेळ रचले. संशोधकांना ते फार उपयोगी पडतात. प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देणे, मान न हलवता बोलणे, श्रोत्याकडे न पाहता पडद्याकडे पाहणे या सगळ्या वरचढपणाच्या खुणा आहेत; उलट "ही स्लाइड नीट दिसत नाहीये, क्षमस्व" किंवा "हे जरा कंटाळवाणं आहे" अशी सुरुवात करणारा स्वतःला विनाकारण खाली ओढतो. एकच तीन वाक्यांचा मजकूर दोन्ही प्रकारे बोलून दाखवायला लावला की, आपण रोज त्यांपैकी काय करतो ते प्रत्येकाला आपोआप कळते. पण ज्याच्या सहीवर आपला प्रबंध अवलंबून आहे त्याच्यासमोर कोणता विद्यार्थी हा खेळ मोकळेपणाने खेळेल? मार्गदर्शक आणि त्यांचे विद्यार्थी पहिल्या दिवशी एका गटात ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण आयोजकांना गट बदलून मागा. कारण सांगण्याची गरज नाही.

प्रश्न : या सगळ्याचा उपयोग होतो याला पुरावा काय? वैज्ञानिकांसाठीचे प्रशिक्षण निदान वैज्ञानिक कसोटीला तरी उतरले पाहिजे.

उत्तर : दुखणे खरे आहे याला चांगला पुरावा आहे; औषधाचा पुरावा मात्र संमिश्र आहे.

दुखण्याचे बोलायचे तर १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी पीएच.डी.साठी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काही जणांना सर्वपरिचित गाण्यांची लय टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितली आणि इतरांना गाणे ओळखायला सांगितले. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० गाण्यांपैकी फक्त ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण सुरावट चालू असते. ऐकणाऱ्याच्या कानावर फक्त टकटक पडते. एखादी गोष्ट पक्की माहीत झाली की ती माहीत नसणे म्हणजे काय याची कल्पनाच करता येत नाही, आणि संशोधक तर वर्षानुवर्षे त्याच सुरावटीत राहिलेला असतो.

औषधाबद्दल बोलायचे तर २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, वीस मिनिटे उत्स्फूर्त खेळ खेळलेल्यांची, तितकाच वेळ ठरावीक संहितेनुसार तशाच कृती केलेल्यांशी तुलना केली होती. खेळणाऱ्यांची अनिश्चितता सहन करण्याची तयारी आणि एकाच प्रश्नाला अनेक उत्तरे शोधण्याची क्षमता वाढलेली दिसली. हे उत्साहवर्धक आहे. पण तो तात्काळ दिसलेला परिणाम आहे आणि त्यात विज्ञान समजावून सांगणे मोजलेलेच नाही. दुसरीकडे, कनेक्टिकट विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विज्ञानसंवादाचा पूर्ण अभ्यासक्रम केलेल्या आणि न केलेल्या विद्यार्थ्यांच्या सादरीकरणांचे मूल्यमापन श्रोत्यांकडूनच करून घेतले. प्रशिक्षणाने श्रोत्यांच्या मतात पडलेला फरक फारच थोडा होता. तो अभ्यास केवळ नाट्यखेळांविषयीचा नव्हता, तरीही कार्यशाळा घेणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा.

माझा कल असा आहे की या क्षेत्रातली बहुतेक मूल्यमापने चुकीच्या माणसाला प्रश्न विचारतात. "आपला आत्मविश्वास वाढला का?" असे सहभागी संशोधकाला विचारले तर तो हो म्हणणारच, दिवस मजेत गेलेला असतो. विचारायला हवे ते श्रोत्याला, आणि तेही "आवडले का?" असे नव्हे, तर "त्यांनी काय सांगितले ते आता तुम्ही मला सांगा" असे. एका दिवसाच्या कार्यशाळेने माणसाची बोलण्याची घडण बदलते यावर माझा विश्वास नाही. नियमित सरावाने समोरच्याकडे पाहण्याची सवय लागते, एवढाच दावा मी करीन.

प्रश्न : आमच्या विभागात बाहेरचा प्रशिक्षक बोलावण्याची सोय नाही. दोन तास मिळाले तर आपले आपण काय करता येईल?

उत्तर : पुष्कळ काही. बारा ते सोळा जण पुरेत, खुर्च्या भिंतीला लावाव्यात आणि 'आम्ही फक्त बघतो' म्हणणाऱ्यांना आत घेऊ नये. एक जरी प्रेक्षक बसला तरी बाकीचे त्याच्यासाठी करून दाखवू लागतात. भ्रमणध्वनीवर चित्रण करण्यास सक्त मनाई असावी.

पहिला अर्धा तास संशोधनाचे नावही काढू नये. आरशाचा खेळ आणि त्याची शाब्दिक आवृत्ती वर सांगितलीच आहे. त्यानंतर निरर्थक भाषेचा खेळ घ्या : एकाने आपल्या प्रयोगशाळेतील एखादे उपकरण, कोणत्याही भाषेत नसलेल्या ध्वनींनी, समोरच्याला विकायचा प्रयत्न करायचा. शब्द काढून घेतले की आवाजाचा चढउतार, थांबणे आणि नजर यांवाचून हाती काही उरत नाही. मग काळप्रवाशाचा खेळ. तीनशे वर्षांपूर्वीचा एक समंजस माणूस समोर उभा आहे असे मानून त्याला भ्रमणध्वनी काय असतो ते समजावून सांगायचे. "यातून दूरच्या माणसाशी बोलता येतं" असे म्हटले की तो विचारतो, "आवाज तिथवर जातो कसा?" लहरी म्हटले की विचारतो, "कसल्या? पाण्यावरच्या?" वीज म्हटले की आकाशाकडे बघतो. एका संकल्पनेखाली आणखी किती संकल्पना रचून ठेवल्या आहेत याचा असा लख्ख अनुभव दुसऱ्या कोणत्याही व्याख्यानाने येत नाही.

शेवटच्या पाऊण तासात स्वतःच्या कामाकडे या. प्रत्येकाने जोडीदाराला आपले संशोधन दोन मिनिटांत सांगायचे, लगेच एका मिनिटात, मग अर्ध्या मिनिटात, मग पंधरा सेकंदांत. मध्ये विचार करायला वेळ द्यायचा नाही. बहुतेकांच्या बाबतीत पंधरा सेकंदांत पद्धत गळून पडते आणि प्रश्न उरतो. मग पुन्हा पूर्ण एक मिनिट द्यायचे. पण सुरुवात त्या उरलेल्या वाक्यापासून करायची.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. खेळ झाल्यावर त्यावर बोलायला वेळ ठेवला जात नाही, आणि मग तो नुसता विरंगुळा होतो, प्रत्येक खेळानंतर "तुमचा धागा कुठे सुटला?" हे जोडीदाराला विचारलेच पाहिजे. शिवाय विनोदी माणसे बाजी मारतात. हशा पिकू लागला की संयोजकाने जोड्या बदलाव्यात आणि पुढचा खेळ सावकाश, शक्यतो निःशब्द घ्यावा.

प्रश्न : तीन मिनिटांत प्रबंध सांगण्याच्या स्पर्धेत मी भाग घेतला आहे. मजकूर पाठ करू की उत्स्फूर्त बोलू?

उत्तर : २००८ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात सुरू झालेल्या या स्पर्धेत एकच स्थिर स्लाइड वापरता येते आणि वेळ ओलांडली की स्पर्धक बाद होतो. त्यामुळे वेळेच्या बाबतीत उत्स्फूर्ततेवर विसंबू नका. पहिले आणि शेवटचे वाक्य शब्दशः पक्के करा. मधला भाग तीन-चार टप्प्यांत बांधा आणि रोज वेगळ्या माणसाला, दर वेळी वेगळ्या शब्दांत, घड्याळ लावून सांगा. त्यांपैकी निदान एक श्रोता आपल्या विषयाशी काडीचाही संबंध नसलेला असावा. आणि त्याने कपाळाला आठी घातली ती जागा त्याच दिवशी बदला.